लाकडावरचा हात

सातापा पोवाराच्या वखारीत नियम एकच होता. ओंडक्यावर हात त्याचा. दांडा कुणीही ओढावा, बायकोने ओढावा, लेकीने ओढावा, नाहीतर लाकूड न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने हौसेने ओढावा. पण ओंडका यंत्रावर ठेवायचा आणि तो डुगडुगायचा थांबेपर्यंत पाचरीसमोरच्या तोंडाशी तळहात दाबून धरायचा, हे काम सातापाचं. ओंडका बसला की तो हात काढायचा आणि आजरा-आंबोली रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघावं अशा आवाजात म्हणायचा, "सोडलं." ते कानावर येण्याआधी दांड्याला शिवलेल्या माणसाची पुढे दोन दिवस खैर नसे.

यंत्र घरचंच होतं. पाडलेल्या पुलाचा गर्डर, भंगारातल्या जेसीबीचा सिलिंडर, ट्रॅक्टरचा पंप आणि ट्रकच्या पाट्यांची पाचर असं गोळा करून सातापाने ते स्वतःच वेल्डिंग करून उभं केलं होतं. चालू झालं की डोकं खाली घालून ढुशी द्यायला निघाल्यासारखं सरकायचं, म्हणून त्याचं नाव रेडा. तत्त्व अगदी सोपं. पंप तेल ढकलतो. तेल काही केल्या दबत नाही, म्हणून ते सिलिंडरमधल्या दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या पाचरीला आणि पाचर ओंडक्याला. दांडा पुढे ओढला की तेल दट्ट्याच्या मागे जातं आणि पाचर पुढे येते. दांडा मागे ढकलला की उलटं. अक्कल म्हणून जी काही होती ती दांडा धरणाऱ्याची.

लाकडाला एवढी मागणी कशी, असं वाटेल. घराघरांतून चूल गेली होती, गॅससुद्धा जवळपास गेला होता. छपरावरच्या उन्हावर भाकरी भाजली जात होती. म्हणूनच तर रस्त्यावर दर मैलाला चुलीवरच्या मटणाचं हॉटेल उभं राहिलं होतं. पुण्याहून आपोआप चालणाऱ्या गाड्यांतून माणसं यायची आणि डोळ्यांत धूर गेला की धन्य व्हायची. रवळू दळवीच्या 'मातीची चूल'मध्ये भाकरी थापायला यंत्र होतं, भांडी घासायला यंत्र होतं, पण चूल खरी होती आणि तिला रोज गाडीभर फोडलेलं लाकूड लागायचं. ते सातापाकडून जायचं.

सातापाची लेक हर्षदा पुण्यात एका कंपनीत होती. यंत्रांच्या बेअरिंगांचा थरथराट मोजून कुठलं बेअरिंग कधी जाणार ते सांगायचं, अशी नोकरी. मग थरथराट मोजणाऱ्या यंत्रांनाच ते कळायला लागलं आणि हर्षदा घरी आली. आली ती स्वस्थ बसणारी नव्हती. सकाळी उठून चहाच्या कपात चमचा ढवळता ढवळता ती त्या कपाचा आवाज ऐकत बसायची. तिची आई आक्काताई म्हणायची, "हिच्या डोस्क्यात मोटार हाय, ती बंद करायचं बटण द्यायचं इसरलं देवानं."

रेड्याला हात लावायचं कारण मात्र आक्काताईच होती. वर्षानुवर्षं दांडा ओढून तिचा खांदा गेला होता. केसांना तेल लावायलाही तिला हात वर नेता येईना. एके दिवशी आई भिंतीला डोकं टेकवून वेणी घालतेय हे हर्षदाने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी ती गडहिंग्लजहून विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह घेऊन आली.

दांड्याच्या जागी वीज आणणं ही अवघड गोष्ट नव्हती. तेलाच्या नळीवर दाब मोजणारं एक बोंड बसवलं. पाचर ओंडक्यात शिरताना दाब चढत जातो आणि लाकूड फाटलं की एकदम पडतो. दाब पडला की पाचर मागे घ्यायची, उगाच शेवटपर्यंत नेत बसायची नाही. एवढ्यानेच काम दीडपट झालं असतं. खरा प्रश्न पुढेच होता. पाचरीने निघायचं कधी? आजवर ते "सोडलं" वर ठरायचं. हर्षदाला शब्दावर विसंबायचं नव्हतं. माणूस हात न काढता बोलू शकतो. तिला थेट हात हवा होता.

माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. आपल्याला तो स्थिर वाटतो, पण स्नायू सतत बारीक बारीक ओढत-सोडत असतात आणि हात ज्यावर टेकलाय त्याला ते हादरे जातात. गर्डरला चिकटवलेली बोटभर पट्टी ते हादरे ओंडक्यातून येताना टिपू शकत होती. पंपाची घरघर वजा करायची, राहील तो हात. कसा दिसतो तो हात, हे पट्टीला जोडलेल्या चिपने स्वतःच शिकायचं होतं. अशा शिकणाऱ्या चिपा आता मोबाइलच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांसारख्या लोंबत असत. ओंडका टेकला की बघ, हात आहे तोवर थांब, हात नसला की एक श्वास जाऊ दे आणि निघ, असं हर्षदाने तिला सांगितलं. मग महिनाभर सातापा ओंडके धरत होता, हर्षदा दांडा ओढत होती आणि चिप बाजूला बसून शिकत होती.

शिकवायला हात अर्थातच सातापाचा. दुसऱ्या कुणाचा हात लाकडावर जातच नव्हता.

महिन्यानंतर जुना व्हॉल्व्ह तिथेच ठेवून हर्षदाने दोन तोट्या फिरवल्या, तेल नव्या वाटेने वळवलं आणि दांडा काढून खिळ्याला टांगला. सातापाने आंब्याचा ओंडका ठेवला, हात दाबला, काढला आणि सवयीने ओरडला, "सोडलं." रेडा निघाला. ओंडका फाटला तशी पाचर अर्ध्यातूनच मागे आली. आक्काताई दारात उभी राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत होती. दांड्याला आता कुणाच्याच खांद्याची गरज नव्हती.

"आता कुणाला सांगताय सोडलं म्हणून?" रवळू दळवीने विचारलं. तो लाकूड न्यायला आला की निघायचं नाव घेत नसे.

"सवय," सातापा म्हणाला. "आणि रेड्याला बी कळूंदे की, मालक हाय म्हणून."

रवळूला यंत्र इतकं आवडलं की त्याने हॉटेलच्या परसात स्वतःचा एक रेडा हवा असं सांगून टाकलं. पुण्याच्या गिऱ्हाइकांना लाकूड फोडतानाही दाखवायचं होतं म्हणे. हर्षदाने सिलिंडर शोधायला सुरुवात केली. चिपचं शिक्षण तर नुसतं एका चिपमधून दुसरीत ओतायचं होतं.

पंधरवडा मजेत गेला. मग एका मंगळवारी सातापा रवळनाथाच्या देवळात जत्रेच्या बैठकीला गेला आणि आक्काताईला वाटलं, एवढं शहाणं यंत्र आहे तर चार ओंडके आपणही फोडून ठेवावेत. नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवून तिने ओंडका ठेवला आणि वर हात धरला. हर्षदा पलीकडे रास लावत होती. पंपाचा सूर बदललेला तिला ऐकू आला. ती वळली तेव्हा रेडा निघाला होता आणि आईचा हात अजून ओंडक्यावर होता.

हर्षदा रेडा बंद करायच्या लाल बटणावर जवळजवळ पडलीच. पाचर थांबली. आक्काताईने हात ओढून घेतला होता, पण शर्टाची बाही लाकडात रुतली होती.

"हात बघू."

"हाताला काय बी झालं न्हाई," आक्काताई म्हणाली. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "बांगडी वाढली. हिरवी. मंगळवारची वाढली बघ." आणि तिथेच खाली बसून ती काचा गोळा करायला लागली.

सातापा परत आला, त्याने ऐकलं आणि वखार डोक्यावर घेतली. लाकडावर हात घालायला कुणी सांगितलं होतं, हेच त्याने दहा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. पण राग उतरला तशी त्याच्या तोंडावर वेगळीच कळा आली. संध्याकाळी रवळूच्या हॉटेलात चार माणसांत तो सांगत होता, "जनावरागत हाय त्ये. माझ्याबिगर कुणाचा हात मानत न्हाई." माणसं माना डोलवत होती. साठी ओलांडलेल्या माणसाला यंत्राने ओळखावं आणि बाकीच्यांना झिडकारावं, यासारखं सुख नसावं.

हर्षदाला मात्र ते पटलं नव्हतं. रेडा आईला झिडकारत नव्हता. आईचा हात त्याला दिसतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने व्हॉल्व्हची वायर काढून टाकली, म्हणजे रेडा जागचा हलणार नाही, आणि ओंडक्यावर स्वतःचा तळहात ठेवला. चिपला जोडलेल्या स्क्रीनवर बारीक केसाळ रेघ उमटली, आणि खाली अक्षरं: हात नाही. तिने जोर दिला. हात नाही. आईला बोलावलं. हात नाही. मग सातापाला बोलावलं.

सातापा आला, ऐटीत हात ठेवला. रेघेवर लाटा उठल्या. मोठ्या, सारख्या, एकामागून एक. हात आहे.

"बघ," सातापा म्हणाला. "नुसता टेकवला तरी वळखतोय."

हर्षदाने पंप बंद केला. लाटा तशाच. तिने रेघ ताणून मोठी केली आणि लाटा मोजल्या. निरोगी हात सेकंदाला आठ-दहा वेळा थरथरतो आणि तेही इतकं बारीक, की पट्टीला तो केसाएवढाच लागतो. या लाटा सेकंदाला पाचच होत्या आणि चांगल्या ठसठशीत. बेअरिंग असतं तर तिने एका नजरेत सांगितलं असतं. कंपनीत ती असल्या रेघेखाली लाल शाईने लिहायची.

मग एकेक गोष्ट तिच्या अंगावर चालून आली. लाकडाच्या राशींवर सातापा खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा. ती अक्षरं वर्षभरात मुंगीएवढी झाली होती आणि ती त्याला म्हणाली होती, तात्या, खडू वाचवताय काय. चहा तो हल्ली उंच पेल्यात घेत होता, पेला अर्धाच भरून. उजवा हात कायम खिशात, नाहीतर कशावर तरी टेकलेला. चिपला तिने माणसाचा हात शिकवला नव्हता. तिने तिला आपल्या बापाचा आजार शिकवला होता, आणि ज्याला तो आजार नाही त्याचा हात चिपच्या हिशेबी हातच नव्हता. हेच शिक्षण ती रवळूच्या रेड्यात ओतणार होती. तिथे पुण्याच्या हौशी माणसांनी आपले धडधाकट हात ओंडक्यावर ठेवले असते. तिने तेव्हाच रवळूला फोन करून सांगितलं की दुसरा रेडा होणार नाही, आणि का ते विचारायच्या आत फोन ठेवला.

"काय झालं गं?" सातापाने विचारलं. त्याचा हात अजून ओंडक्यावरच होता.

"तात्या, कोल्हापूरला जायचंय."

"कशाला?"

"तुमच्या हाताला."

सातापाने हात खिशात घातला आणि रास लावायला निघून गेला. त्याला ठाऊक होतं, हे हर्षदाला त्याच्या पाठीवरून कळलं.

कोल्हापुरात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सातापाला बोटं नाकाला लावायला सांगितली, चालायला लावलं, हात मांडीवर सोडून बसायला सांगितलं. मांडीवरचा हात आपल्या मनाने चालत राहिला. मग हर्षदाने ती रेघ दाखवली.

"हे कोणत्या मशीनवर काढलं?"

"लाकूड फोडायच्या."

बाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. कंपवात आहे, त्या म्हणाल्या. हालचालीला लागणारं एक रसायन मेंदूत कमी तयार होतं. गोळीने ते भरून काढता येतं. आजार जाणार नाही, पण पुष्कळ वर्षं हात शांत राहील. सुरुवातीला गोळीचा असर काही तास टिकेल, पुढे बघू. सातापा सगळा वेळ भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होता.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला.  निपाणी मागे पडल्यावर म्हणाला, "हर्षे, गोळीनं हात गप झाला तर रेड्याला कसं कळंल?"

हर्षदाने सगळ्याचा विचार केला होता. औषधांचा केला होता, आईला कसं सांगायचं याचा केला होता. हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. 

"रेडा बंद ठेवायचा. नव्यानं शिकवायचा."

"कुणाच्या हातानं?"

"सगळ्यांच्या. माझ्या, आईच्या, तुमच्या."

"तुमचा हात लाकडावर जायचा न्हाई."

"वायर काढून शिकवायचं, तात्या. रेडा जागचा हलणारसुद्धा नाही."

"आज वायर काढून. उद्या वायर जोडून." सातापा खिडकीबाहेर बघतच होता. "माझा बा फळीवर लाकडं कापायचा. आरीचं चाक फिरायचं, समोर माझी आई लाकूड धरायची. तिची तीन बोटं मी उचलल्यात. तवा ठरलंय ह्ये. ह्या घरात लाकडावर बाईचा हात न्हाई."

एवढं त्याने कधी सांगितलं नव्हतं. आज्जी डाव्या हाताने जेवायची एवढंच हर्षदाला आठवत होतं. तिने त्याच्या मांडीवरच्या हातावर आपला हात ठेवला. तो हात खालून ठोके देत राहिला.

शेवटी तडजोड झाली. शनिवारी रवळूकडे मोठं लग्न होतं, तेवढं लाकूड जाऊ द्यायचं. तोवर गोळी नाही. गोळी नाही तोवर रेड्याला सातापाचा हात जगातल्या कुठल्याही हातापेक्षा स्वच्छ दिसणार होता, त्यात खोट काढता येत नव्हती. शनिवारनंतर रेडा बंद, गोळी सुरू. तोवर दांडा लावू या, मी ओढते, असं हर्षदाने म्हणून बघितलं, पण सातापा म्हणाला, "चार दिस तरी वळखूंदे की त्याला मला." 

आईला त्यांनी फक्त आजाराचं आणि गोळ्यांचं सांगितलं. गोळी आणि रेडा यांचा संबंध सांगितला नाही. बांगडी वाढल्यापासून ती रेड्याकडे बघून कडाकडा बोटं मोडत होती. हे कळलं असतं तर तिने त्याच दिवशी भंगारवाला बोलावला असता.

ते चार दिवस हर्षदाला खायला उठले. सातापा ओंडके ठेवत होता आणि ती लाल बटणाशेजारी स्टूल टाकून स्क्रीनकडे बघत होती. पूर्वी तिला बापाचा चेहरा बघून जे कळायचं नाही ते आता रेघेवर कळत होतं. रात्री झोप नसली की सकाळच्या लाटा मोठ्या. आक्काताईशी वाजलं की मोठ्या. रवळू येऊन हसवून गेला की पुढचे दोन-चार ओंडके लहान. बाप आपला आपल्याशी काय करतोय हे लेकीला दर ओंडक्याला कळावं, अशी काही देवाने सोय केलेली नसते, आणि ती का केलेली नसते हे हर्षदाला पटायला लागलं.

"काल जेवला नाहीसा?" ती एकदा म्हणाली.

सातापाने ओंडका तसाच सोडला. "त्ये बी दिसतंय?"

"हात जास्त हलतोय."

"मग बघू नगोस." आणि नंतर बराच वेळ तो हात टेकवतो न टेकवतो तोच काढून घेत होता, गरम तव्यावरून काढावा तसा.

घरात रोज सकाळी आक्काताई विचारायची, "गोळी?" आणि सातापा म्हणायचा, "घेतली." हर्षदा मान खाली घालून आंबील प्यायची. गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होती आणि आक्काताईला डोळे होते, एवढं त्या दोघांच्या लक्षात आलं नाही.

शनिवार उजाडला. रवळूचा टेंपो फाटकात येऊन उभा राहिला आणि रवळू चाकाशी उकिडवा बसून तंबाखू मळत होता. थोडंसंच लाकूड राहिलं होतं. सातापाला सकाळपासून अंग हलकं वाटत होतं. तो ओंडके भराभर उचलत होता, शीळ घालत होता. हर्षदाला बरं वाटलं. शेवटचा दिवस म्हणून असेल, असं तिने मनात म्हटलं. रेघेवर लाटा लहान होत्या. तिने तेही शिळेच्या खात्यावर टाकलं.

सातापाने बाभळीचा ओंडका ठेवला. स्क्रीनवर लाटा आल्या. लहान, आणखी लहान. मग रेघ सरळ झाली. बारीक, केसाळ, तिच्या स्वतःच्या हातासारखी. हात नाही.

किती दिवस ही रेघ अशी सरळ व्हावी म्हणून तिने देवाला हात जोडले होते. तिच्या मनात आलं ते एवढंच, की तात्यांनी हात काढला. पंपाचा सूर बदलला. रेडा निघाला.

आणि "सोडलं" आलं नव्हतं.

तिने वर बघितलं नाही. बघायला वेळ गेला असता. तिचा तळहात लाल बटणावर आपटला.

पंप बंद पडला. वखारीत एकदम इतकी शांतता झाली की रवळूने तंबाखू मळायचं थांबवलं. हर्षदाने मान वर केली. पाचर ओंडक्याच्या तोंडापासून बोटभर अलीकडे उभी होती आणि त्या तोंडावर सातापाचा अंगठा होता. त्याने तो काढला नव्हता. तो पाचरीकडे बघतही नव्हता. तो आपल्या हाताकडे बघत होता.

"तात्या, हात काढा."

"हर्षे, हिकडं ये."

"आधी हात काढा."

सातापाने हात उचलला आणि समोर धरला, पंजा पसरून. पाचही बोटं जागच्या जागी उभी होती. "बघ," तो म्हणाला. "गप हाय." त्याचा आवाजच तेवढा हलत होता. "मगाशी लाकडावर ठेवला आणि बघतोय तर गपच. वर्स झालं असंल. मी इसरलोवतो असा असतोय त्यो."

हर्षदाला रडू आलं, रागही आला आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे काय करावं ते कळेना. ती गर्डरवर बसली. "गोळी घेतलीसा?"

"न्हाई. तुझ्या गळ्याशपथ."

"मी घातली," आक्काताई दारातून म्हणाली. हातात आंबिलीचं रिकामं भांडं होतं. "पाकीट सगळं तसंच. म्हटलं बापलेक मिळून मला येड्यात काढत्यात. आज कुटून आंबिलीत घातली. काय चुकलं?" मग तिने पाचर बघितली, ओंडका बघितला, लेकीचं तोंड बघितलं आणि भांडं हळूच खाली ठेवलं. "काय झालं गं?"

तिला सगळं सांगावं लागलं. सांगताना हर्षदाला वाटत होतं की आता भंगारवाला येणार आणि तो आलेलाच बरा.  शेवटी आक्काताई सातापाकडे वळून एवढंच म्हणाली, "आणि ह्ये मला सांगायचं न्हाई? चाळीस वर्सं दांडा ओढला मी. एकदा तरी तुमच्या सोडलंच्या आदी ओढला?"

 ज्याच्याकडून एक शब्द ऐकल्याशिवाय ती कधी हलली नव्हती, त्यानेच तिच्यापासून शब्द लपवले होते. सातापा आपला हात उघडत-मिटत उभा राहिला. मग खिळ्याकडे गेला आणि टांगलेला दांडा काढून आणला.

हर्षदाने तोट्या फिरवल्या, तेल जुन्या वाटेला लावलं, पट्टी आणि चिप शिकण्यापुरत्या चालू ठेवल्या. दांडा बसवला. "ठेवा ओंडका," ती म्हणाली. "मी ओढते."

सातापा जागचा हलला नाही. दांड्यापाशीच उभा राहिला. त्याने दांड्याची मूठ शर्टाने पुसली आणि धरली. हात स्थिर होता. "दुपारपतोर गप ऱ्हाईल म्हणालीया डॉक्टरीण," तो म्हणाला. "तेवढ्यात रवळूची गाडी भरू. उद्यापास्नं तू दांड्याव, आणि मी लाकडाव. पर आज त्या चिपला चांगला हात दाखवायला पायजे." मग घसा खाकरून, तिच्याकडे न बघता, "ये. हात ठेव."

आक्काताईने पदर तोंडाला लावला. रवळू उठून उभा राहिला.

हर्षदाने बाभळीच्या ओंडक्यावर तळहात ठेवला. साल खरखरीत होती आणि सातापाचा हात होता तिथे अजून किंचित गरम होती. पाचर समोर बोटभर अंतरावर. पंप सुरू झाला आणि त्याची घरघर लाकडातून तिच्या कोपरापर्यंत चढली. इतकी वर्षं बाप हे सगळं रोज दिवसभर हातात घेऊन उभा होता, हे तिला पट्टीने कधी सांगितलं नव्हतं. स्क्रीनवर अक्षरं आली: हात नाही. तिने तिकडे पाहिलं नाही. ओंडका डुगडुगायचा थांबला. तिने हात काढला आणि पदर घट्ट धरावा तसा छातीशी धरला.

दांडा हलला नाही.

"काढला की, तात्या."

"दिसतोय."

"मग ओढा."

"म्हण."

 "सोडलं," ती पुटपुटली.

सातापाने मान हलवली. कपाळावर घाम होता, पण मुठीतला दांडा केसभरही हलत नव्हता. "ऐकू आलं न्हाई."

हर्षदाने श्वास घेतला आणि ती ओरडली. आंबोलीकडे निघालेल्या एका गाडीतली माणसं वळून बघायला लागली. मग सातापाने दांडा पुढे ओढला.